पेशीविभाजन आणि पेशीचा सांगाडा : तारककायाच्या अधिकाराची मर्यादा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास पेशीविभाजन दाखवावयाचे झाल्यास कांद्याचे मूळ घ्यावयाचे, हा आपल्या महाविद्यालयांतील जुना शिरस्ता आहे. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसविला की दोनतीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके कापून सौम्य आम्लात ऊन करावयाची, ॲसिटोकार्मिनने रंगवावयाची आणि दोन काचांमध्ये अंगठ्याने दाबून पसरावयाची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांचा सारा व्यवहार दिसू लागतो. विद्यार्थी समोरचे दृश्य पुस्तकातील आकृतीशी ताडून पाहतो. आकृतीत पेशीच्या दोन्ही टोकांस एकेक ठिपका असतो व त्यातून चहूकडे किरण निघालेले असतात. कांद्याच्या पेशीत मात्र ते ठिपके काही केल्या सापडत नाहीत. आपल्या नजरेचा किंवा रंगद्रव्याचा दोष असेल असे समजून पुष्कळ विद्यार्थी वहीत ते ठिपके काढून मोकळे होतात.

वस्तुतः दोष नजरेचा नाही आणि रंगद्रव्याचाही नाही. कांद्याच्या पेशीत ते ठिपके नसतातच. पुस्तकातील आकृती प्राण्याच्या पेशीची असते; आणि ज्यास तारककाय अथवा सेंट्रोसोम म्हणतात तो भाग फुलझाडांच्या पेशींत आढळत नाही. तथापि कांद्याची पेशी बिनचूक विभागते. मग विभाजनाचा सूत्रधार म्हणून ज्याचे वर्णन अनेक पुस्तकांत केलेले असते, त्या तारककायाचे खरे काम कोणते? ह्या प्रश्नाचा विचार करू लागले असता पेशीचे विभाजन आणि पेशीचा आधार ह्या दोन गोष्टी एकाच सामग्रीने साधलेल्या आहेत, असे दिसून येते. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तारककायाचा शोध

वॉल्थर फ्लेमिंग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या पेशी रंगवून केंद्रकातील सूत्रे कशी आखूड होतात, उभी दुभंगतात व दोन बाजूंस जातात, ह्याचे तपशीलवार वर्णन १८८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गुणसूत्रे एका लांबट, दोन्ही टोकांस निमुळत्या आकृतीच्या मध्यभागी जमतात, हे त्या काळच्या निरीक्षकांच्या ध्यानात आले होते. सूतकताईच्या चातीशी तिचे साम्य असल्यामुळे तिला तर्कू हे नाव पडले.

तर्कूच्या टोकांशी काय असते, हा पुढला प्रश्न. बेल्जममधील एदुआर व्हान बेनेडेन आणि जर्मनीतील थिओडोर बोव्हेरी ह्या दोघांनी घोड्याच्या आतड्यात राहणाऱ्या गोल कृमीची अंडी अभ्यासासाठी निवडली. ह्या कृमीत गुणसूत्रे अगदी थोडी, म्हणजे दोन किंवा चारच असल्यामुळे निरीक्षण सुलभ होते. तर्कूच्या टोकांशी असलेला कण विभाजन संपल्यावर नाहीसा होत नाही. तो नव्या पेशीत टिकून राहतो आणि पुढील विभाजनापूर्वी स्वतः दुणावतो, असे दोघांसही १८८७ च्या सुमारास दिसून आले. बोव्हेरीने पुढील वर्षी त्यास सेंट्रोसोम हे नाव दिले आणि पेशीविभाजनास चालना देणारे इंद्रिय तेच, असा पक्ष मांडला.

बोव्हेरीचा दुसरा प्रयोग ह्याहून महत्त्वाचा ठरला. समुद्री अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, तर प्रत्येक शुक्रपेशीबरोबर आलेला तारककाय दुणावून दोनांऐवजी चार ध्रुव तयार होतात. अशा अंड्यात गुणसूत्रांची वाटणी नीट होणे शक्य नसते. कोणत्या ध्रुवाकडे कोणते गुणसूत्र जाईल ह्यास काही धरबंध उरत नाही. अंडे एकदम चार पेशींत विभागते, आणि त्यापासून होणारे गर्भ बहुधा विकृत होऊन मरतात. प्रत्येक गुणसूत्राचे कार्य भिन्न असून त्यांचा पुरा संच मिळाल्याखेरीज पेशीची वाढ यथायोग्य होत नाही, हा निष्कर्ष त्याने १९०२ साली मांडला. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. गुणसूत्रांच्या अशाच बिघडलेल्या वाटणीतून घातक अर्बुदे उद्भवत असावीत, असे अनुमान त्यात आहे. पुढल्याच वर्षी तो निवर्तला. ह्या अनुमानाकडे आपणांस लेखाच्या अखेरीस पुन्हा यावयाचे आहे.

तर्कूतील तंतू : भास की वस्तू?

दरम्यान एक मूलभूत शंका उपस्थित झाली होती. तर्कूतील तंतू दिसत ते मारलेल्या व रंगवलेल्या पेशींत. जिवंत पेशीत साध्या सूक्ष्मदर्शकाने ती जागा स्वच्छ व निराकार दिसे. तेव्हा हे तंतू म्हणजे रसायनांमुळे गोठलेल्या जीवद्रव्याच्या केवळ सुरकुत्या तर नव्हेत, असे अनेक विद्वानांस वाटे.

ह्या शंकेचे निरसन शिन्या इनोउए ह्या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत केले. एकाच दिशेने मांडलेल्या तंतूंचा ध्रुवीकृत प्रकाशावर विशिष्ट परिणाम होतो, ह्या तत्त्वावर त्याने आपला सूक्ष्मदर्शक सिद्ध केला, आणि जिवंत, विभागत्या पेशींत तर्कूचे तंतू खरोखरीच असतात हे १९५३ साली निर्विवादपणे दाखविले. ह्यापुढील निरीक्षण अधिक उद्बोधक होते. पेशी थंड केली की तंतू काही मिनिटांत विरून जात; पुन्हा ऊब दिली की ते पूर्ववत उभे राहत. दोरखंड असा विरघळत नाही व पुन्हा वळलाही जात नाही. यावरून, तंतू सुट्या कणांचे बनलेले असून जुळलेले कण व सुटे कण ह्यांत सतत देवघेव चालू असते, असे अनुमान निघाले. गव्हाची गुणसूत्रे मोजणारे अभ्यासक मुळे सुमारे एक दिवस बर्फाच्या पाण्यात ठेवतात, त्यातील मर्म हेच आहे. थंडीने तर्कू मोडतो, विभाजन मध्येच थबकते, आणि आखूड झालेली गुणसूत्रे मोजणीस सोयीची होतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे पुढील दालन उघडले. प्राण्यांच्या तारककायात एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन लहान पंचपात्रांसारख्या रचना असतात. त्यांस तारककेंद्रे अथवा सेंट्रिओल म्हणतात. प्रत्येकाची लांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास व व्यास त्याच्या निम्म्याइतका असून त्याची भिंत नऊ जुडग्यांची असते, आणि प्रत्येक जुडग्यात तीन नळ्या असतात. ही नवाची मांडणी प्राणिसृष्टीत बहुतेक सर्वत्र आढळते.

पेशीच्या इतर भागांतील नळ्या मात्र बराच काळ निसटून जात होत्या. ह्याचे कारण पूर्वतयारीच्या रीतीत होते. त्या वेळी पेशी थंड ऑस्मियम टेट्रॉक्साइडात बुडवून स्थिर करीत, आणि त्यात ह्या नाजूक नळ्या मोडून जात. १९६३ साली ग्लुटाराल्डिहाइड हे नवे द्रव्य वापरात आले, आणि त्याच वर्षी मायरन लेडबेटर व कीथ पोर्टर ह्यांनी वनस्पतींच्या मुळांच्या पेशींत ह्या सूक्ष्मनलिका स्पष्ट पाहिल्या. त्या दोन ठिकाणी होत्या. विभागत्या पेशीत त्या तर्कूत होत्या, आणि न विभागणाऱ्या पेशीत भित्तिकेच्या लगत आतल्या अंगास, भित्तिकेतील सेल्युलोजच्या तंतूंना समांतर अशा. आधार देणारी आणि विभाजन घडविणारी नळी एकच आहे, ही गोष्ट येथून पुढे दृष्टीआड करता येईना.

मोडणारा आणि उभा राहणारा मांडव

सूक्ष्मनलिकेचा बाहेरील व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. ती ट्युब्युलिन ह्या प्रथिनाची घडलेली असते. आल्फा आणि बीटा असे ह्या प्रथिनाचे दोन प्रकार जोडीने राहतात. ह्या जोड्या एकीवर एक रचून उभी सर होते आणि सामान्यतः अशा तेरा सरी वर्तुळाकार जुळून नळी होते. सर्व जोड्यांचे तोंड एकाच दिशेस असल्यामुळे नळीची दोन टोके सारखी नसतात. एक टोक जलद वाढते, त्यास धन टोक म्हणतात. दुसरे ऋण टोक मंद असते. प्राण्याच्या पेशीत ऋण टोके बहुधा तारककायाशी रोवलेली असतात आणि धन टोके परिघाकडे गेलेली असतात.

१९७२ साली रिचर्ड वायझेनबर्ग ह्यांनी कॅल्शियम बांधून ठेवल्यास परीक्षानळीतही ह्या नळ्या जुळतात, हे दाखविले. १९८४ साली टिम मिचिसन व मार्क कर्शनर ह्यांनी त्यांचा एक विलक्षण स्वभाव उघड केला. एकाच पात्रातील काही नळ्या संथपणे वाढत असतात, त्याच क्षणी शेजारच्या काही नळ्या भरभर ढासळत असतात. जुळू पाहणाऱ्या ट्युब्युलिनवर जी.टी.पी. नामक ऊर्जायुक्त रेणू असतो. जुळल्यावर काही वेळाने तो विघटित होतो. टोकाशी ताज्या जोड्यांची टोपी आहे तोवर नळी वाढते. टोपी गळाली की सरी बाहेरच्या अंगास उलगडू लागतात व नळी कोसळते.

ह्या मोडतोडीत वरवर पाहता अपव्यय दिसतो; तथापि पेशीचे कार्य त्यावरच चालते. पेशीचा सांगाडा हाडांसारखा कायमचा नसतो. लग्नघरच्या मांडवाचे बांबू एका अंगणातून उतरवून दुसऱ्या अंगणात उभे करावेत, तशी ही रीत आहे. विभाजनाव्यतिरिक्त काळात नळ्या केंद्राजवळून परिघापर्यंत पसरलेल्या असतात, पेशीचा आकार राखण्यास साहाय्य करतात आणि वाहतुकीच्या वाटाही होतात. १९८५ साली स्क्विड ह्या सागरी प्राण्याच्या चेतातंतूत सापडलेले कायनेसिन हे प्रथिन ह्या वाटांवरून माल बहुधा परिघाकडे नेते, तर डायनीन केंद्राकडे आणते. विभाजनाची वेळ आली की हा सारा मांडव उतरतो आणि त्याच ट्युब्युलिनचा तर्कू उभारला जातो. तर्कूतील नळ्यांचे आयुष्य तर आणखी अल्प, मिनिटभराहूनही कमी असू शकते. त्या सर्व दिशांनी वाढतात व कोसळतात. जी नळी गुणसूत्रावरील ठराविक जागी जाऊन भिडते, ती टिकते. अशा रीतीने, आगाऊ नकाशा नसताना, चाचपडण्यातून नेमकी जोडणी होते. एकही गुणसूत्र नीट जोडले गेलेले नसेल तर पेशी विभाजन पुढे जाऊ देत नाही.

सांगाड्याचे आणखी दोन घटक आहेत, त्यांचा केवळ उल्लेख करतो. ॲक्टिनचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू पेशीच्या पृष्ठभागालगत असतात; प्राण्याच्या पेशीत विभाजनाच्या शेवटी त्यांचेच कडे मायोसिनच्या साहाय्याने आवळले जाऊन पेशीचे दोन भाग होतात. केराटिनसारखे सुमारे १० नॅनोमीटरचे मध्यम तंतू ताण सोसतात. वनस्पतिपेशीस टणक भित्तिका असल्यामुळे ती आवळली जात नाही; तेथे मध्यभागी नवी भित्तिका उभारली जाते, आणि तिची सामग्रीही सूक्ष्मनलिकांच्या मार्गानेच आणली जाते.

तारककाय कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तारककेंद्राच्या नऊ जुडग्यांतून तर्कूच्या नळ्या फुटत नाहीत. त्या फुटतात सभोवतालच्या प्रथिनयुक्त द्रव्यातून. तेथे १९८९ साली शोधल्या गेलेल्या गॅमा-ट्युब्युलिनची कडी असतात, आणि प्रत्येक कडे नव्या नळीचा पाया होते. हे गॅमा-ट्युब्युलिन कांद्याच्या पेशीतही असते. फक्त ते एका ठिकाणी गोळा झालेले नसते.

केंद्रावाचून तर्कू कसा होतो, हे १९९६ साली रेबेका हील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंदर रीतीने दाखविले. त्यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात डी.एन.ए.ने मढविलेले सूक्ष्म मणी टाकले. त्या अर्कात तारककाय नव्हते, खरी गुणसूत्रेही नव्हती; तरी मण्यांभोवती नळ्या फुटल्या आणि मोटरप्रथिनांनी त्या ओढून, जुळवून दोन टोकांचा तर्कू सिद्ध केला. म्हणजे ध्रुव हा तर्कूचा उगम असतोच असे नाही. तो तर्कूच्या जुळणीचा परिणामही असू शकतो. आपली स्वतःची उत्पत्तीही ह्यास साक्ष आहे. मानवी अंडपेशीत तारककेंद्रे नसतात, आणि तिची परिपक्वतेची विभाजने त्यांच्यावाचूनच होतात. गर्भास तारककेंद्र मिळते ते शुक्रपेशीकडून.

ह्याहून निर्णायक पुरावा २००६ साली फळमाशीत मिळाला. तारककेंद्राच्या दुणावण्यास आवश्यक असा एक जनुक निकामी केलेल्या माश्यांत पेशी केंद्रावाचून विभागत राहिल्या आणि जवळजवळ निर्दोष शरीराच्या माश्या तयार झाल्या. मात्र कोशातून बाहेर पडल्यावर त्या थोड्याच वेळात मेल्या. त्यांच्या संवेदी चेतापेशींत पक्ष्माभिका, म्हणजे केसासारखे सूक्ष्म उपांग नव्हते. त्यामुळे त्यांस आपल्या अवयवांची स्थिती कळत नव्हती.

तारककेंद्राची अपरिहार्यता ती येथे आहे. पक्ष्माभिकेच्या आणि शुक्रपेशीच्या शेपटीच्या मुळाशी हेच नऊ जुडग्यांचे केंद्र रोवलेले असते व त्यावरूनच ती वाढते. तारककेंद्र व हे मूळ एकच असावे, असे आंनगी आणि लेनहोसेक ह्यांनी १८९८ सालीच सुचविले होते. वनस्पतिसृष्टीकडे पाहिले असता ह्याची खूण पटते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणाऱ्या नेच्यांच्या शुक्रपेशी पाण्यातून पोहत जातात, आणि त्या तयार होताना तेवढ्यापुरती तारककेंद्रे नव्याने घडतात. फुलझाडांत शुक्रपेशी परागनलिकेतून अंड्यापर्यंत पोहोचविली जाते. तिला पोहावयाचे नसल्यामुळे शेपटी नाही, आणि शेपटी नसल्यामुळे तारककेंद्रही नाही. कांद्याच्या पेशीत ठिपके का नसतात, ह्याचे उत्तर असे पेशीविभाजनात नसून प्रजननाच्या रीतीत आहे.

ह्यावरून तारककाय विभाजनात निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र काढू नये. तो असला म्हणजे तर्कू लवकर व योग्य दिशेस उभा राहतो. निरोगी मानवी पेशींतून तारककाय नाहीसे केले असता त्या पुढे विभागावयाच्या थांबतात, असे २०१५ साली दिसून आले. कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र तशाही विभागत राहतात.

संख्येचा प्रश्न आणि औषधे

तारककाय नसणे अनेक पेशींस सोसते. परंतु ते अधिक होणे धोक्याचे आहे. निरोगी पेशीत ते एका चक्रात एकदाच दुणावतात, आणि ह्या मोजणीवर पी.एल.के. ४ नावाच्या विकराचे नियंत्रण असल्याचे २००५ साली उघडकीस आले. अर्बुदांच्या पेशींत जादा तारककाय वारंवार आढळतात. ते दोन टोकांशी गोळा झाले तरीही मधल्या काळात काही गुणसूत्रांची जोडणी चुकते व वाटणीत फरक पडतो, हे २००९ साली दाखविले गेले. बोव्हेरीचे १९१४ सालचे अनुमान सर्व कर्करोगांस लागू पडत नसले, तरी त्याने बोट ठेवलेली जागा चुकीची नव्हती.

रोग जेथे आहे तेथेच उपायाचीही वाट आहे, आणि ती दाखविणाऱ्या तीन वनस्पतींपैकी दोन आपल्या परिचयाच्या आहेत. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी नटणारी कळलावी विषारी आहे. तिच्या कंदात व बियांत कॉल्चिसिन असते. हे द्रव्य ट्युब्युलिनला चिकटून नळ्यांची जुळणी रोखते. त्यामुळे विभाजन मध्येच थांबते. मानवी पेशीतील गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत, हा १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यो व लेव्हान ह्यांचा शोध ज्या तंत्राने लागला, त्यात कॉल्चिसिनचा वाटा होता. दुसरी वनस्पती अंगणातील सदाफुली. ती मूळची मादागास्करची. मधुमेहावरील उपाय म्हणून कॅनडात तिची परीक्षा चालू असता पांढऱ्या रक्तपेशी घटतात असे आढळले, आणि १९५८ साली तीतून व्हिन्ब्लास्टिन वेगळे करण्यात आले. ते व त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही द्रव्ये रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवर आजही दिली जातात. तिसरे औषध टॅक्सॉल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून ते मिळाले व त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. ते नळ्या मोडीत नाही, उलट घट्ट करते, असे सुझन हॉर्विट्झ ह्यांनी १९७९ साली दाखविले. तरीही पेशी तितकीच अडते. कारण नळीचे सामर्थ्य केवळ उभे राहण्यात नसून वेळेवर मोडण्यातही आहे.

ही औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांस पुष्कळदा मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, सदऱ्याचे बटण लावणेही कठीण जाते. चेतापेशी तर विभागत नाहीत. मग त्यांस ही इजा का व्हावी? मणक्यापासून पावलापर्यंत गेलेल्या चेतातंतूचा आधार आणि त्यातील वाहतुकीची वाट त्याच सूक्ष्मनलिकांची असते, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. विभाजनाची सामग्री आणि आधाराची सामग्री एकच असल्याचा हा पुरावा रुग्ण आपल्या शरीरावर वागवीत असतो. दोहोंतील एकीवर आघात करून दुसरीस धक्का न लागू देणे, हे ह्या क्षेत्रातील संशोधकांपुढील मोठे काम आहे.

शेवटी अध्यापकांस एक विनंती. कांद्याच्या मुळाचा प्रयोग पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावा. त्याहून सोपा व स्वस्त प्रयोग नाही. परंतु विद्यार्थ्याने वहीत ध्रुवांवर ठिपके काढले असतील, तर ते त्याला कोठे दिसले हे अवश्य विचारावे. दिसले नाहीत असे त्याने प्रांजळपणे सांगितले, तर त्याला त्याबद्दल गुण द्यावेत, आणि ते का दिसत नाहीत ह्या प्रश्नापासून त्या दिवसाचा पाठ सुरू करावा.